जोडीदाराच्या रकान्यातले नाव

मी, नामे लालासाहेब अर्जुना साळुंखे, वय ५९ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा पाण्याखालची कामे, राहणार माधवनगर, तालुका मिरज, जिल्हा सांगली. आज बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणी शिकवले म्हणून नव्हे तर घडले तसे, सांगतो ते येणेप्रमाणे.

माझ्याविरुद्ध तक्रार अशी आहे की, मी फॉर्मवर खोटी माहिती दिली व त्यामुळे शंभूराज या इसमाचा जीव धोक्यात आला. ही तक्रार खरी धरली गेली तर सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मला कोणी पाण्यात उतरू देणार नाही. दुसरे काम मला येत नाही. म्हणून सावकाश सांगतो, तसे लिहून घ्यावे.

मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून विहिरीत पडलेल्या पंपाच्या मोटारी काढतो. आधी दम धरून उतरत असे. गेली बावीस वर्षे पाठीवर सिलिंडर लावून उतरतो. पंपाच्या जाळ्या साफ करणे, बंधाऱ्याचे दरवाजे तपासणे, बुडालेले शोधणे ही कामे केली आहेत. याच ठाण्याच्या सांगण्यावरून मी चार वेळा नदीत उतरलो आहे. तेव्हा तुमचा पाण्यातला जोडीदार कोण, असे मला कोणी विचारले नव्हते.

माझी पद्धत अशी आहे. पाण्यात मी एकटा जातो. कमरेला दोर असतो, त्याचे दुसरे टोक माझी पत्नी बनुबाई, वय ५४, हिच्या हातात असते. ती दर दोन मिनिटांनी एक हिसका देते, म्हणजे ठीक आहे का. मी एक हिसका देतो, म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सैल सोड. तीन म्हणजे ओढ. तिने सारखे हिसके दिले तर हातातले काम टाकून वर यायचे. पंप कोणी चुकून चालू करू नये म्हणून त्याचे फ्यूज मी काढून आणतो, ते तिच्या पिशवीत असतात. बनुबाईला पोहता येत नाही. बावीस वर्षांत दोर एकदाच दुसऱ्याने धरला, तो माझ्या मेहुण्याने. मधेच तो तंबाखू मळायला बसला. त्यानंतर पुन्हा त्याला दोर दिला नाही.

दिनांक १४ मे २०२४ रोजी सकाळी ९ वाजता मी व बनुबाई कृष्णाकाठच्या आठ गावांच्या पाणी योजनेच्या जॅकवेलवर गेलो. जॅकवेल म्हणजे नदीकाठची मोठी विहीर, तीतून पंप पाणी उचलतात. आतली जाळी जलपर्णीने व चिंध्यांनी बुजल्याने तीन दिवस गावांना पाणी नव्हते. तेथे पंप ऑपरेटर पप्पू व ठेकेदाराचे सुपरवायझर वरद हजर होते. त्यांचे पूर्ण नाव मला माहीत नाही, सगळे वरदसाहेब म्हणतात. त्यांनी फॉर्म दिला. त्यात 'जोडीदाराचे नाव' असा रकाना होता. मी तेथे बनुबाई लालासाहेब साळुंखे असे लिहिले. वरदसाहेबांनी न वाचता शिक्का मारला. नवीन नियमाप्रमाणे दोन माणसे पाण्यात पाहिजेत हे मला माहीत होते. ते वाचणार नाहीत, हेही माहीत होते. त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. एवढी हुशारी मी केली, ती कबूल आहे.

९ वाजून ४० मिनिटांनी मी उतरलो. बत्तीस फुटांवर जाळी आहे. तेथे डोळ्यासमोर हात धरला तरी दिसत नाही, सगळे काम चाचपून करावे लागते. साधारण निम्मी जाळी मोकळी झाली तेव्हा वरून सारखे हिसके आले. मी विळा कमरेला अडकवून निघणार इतक्यात मागून कोणीतरी माझा मास्क धरून ओढला. मास्कमध्ये पाणी गेले. जिवंत माणूस मला त्या विहिरीत आजवर भेटलेला नव्हता.

तो शंभूराज होता. वय २६, राहणार खंडाळा, मालवणला पाणबुड्याचे रीतसर शिक्षण घेतलेला, स्वभावाने चांगला मुलगा. मी खाली गेल्यावर वरदसाहेबांनी फॉर्म पाहिला, बाकावर बसलेली बाई म्हणजेच जोडीदार हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी बाहेर ठेकेदाराच्या गाडीत बसलेल्या शंभूराजला उतरायला सांगितले. हे मला नंतर पप्पूने सांगितले. बनुबाई त्यांना म्हणाली होती, "आवं साहेब, त्यास्नी ठावं न्हाई. आदी मला कळवू द्या, मग सोडा." वरदसाहेब तिला म्हणाले, मावशी, तुम्ही बाजूला बसा, हे टेक्निकल आहे.

शंभूराजला दोर नव्हता. हातात बॅटरी होती, पण त्या गाळात तिचा उजेड धुक्यातल्या हेडलाइटसारखा असतो, आपल्यालाच आंधळे करतो. त्याची हवेची नळी जाळीच्या तुटलेल्या गजात अडकली होती व तो मिळेल ते धरत होता. मी त्याची मान बगलेत धरली, नळी सोडवली. नळीच्या टोकाचा, दातात धरायचा तुकडा निसटला होता, तो त्याच्या तोंडात परत दाबला. तोवर कोणीकडे वर व कोणीकडे खाली हे त्याला कळत नव्हते. मी माझ्या कमरेचा दोर सोडून त्याच्या कमरेला बांधला व तीन हिसके दिले.

दोर गेला. त्यानंतर मी जाळी दोन्ही हातांनी धरून जागीच थांबलो. तसल्या पाण्यात जागा सोडली की सापडत नाही. सिलिंडरमध्ये किती हवा आहे ते दिसत नव्हते. या वेळात मी काय विचार केला असे जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार साहेबांनी विचारले. त्याची नोंद करण्यासारखे काही नाही.

वर काय झाले ते पप्पूने पाहिले. दोराला वजन लागताच बनुबाई म्हणाली, "ह्ये त्ये न्हाईत." तरीही तिने ओढणे थांबवले नाही. पप्पूने हात लावला. शंभूराजला कठड्यावर घेतल्यावर तिने त्याच्याकडे पाहिले नाही. त्याच्या कमरेची गाठ दातांनी सोडली, टोकाला वीट बांधली व दोर पहिल्याच जागेवरून सोडला. वीट माझ्या खांद्याला लागली. मी दोर बांधून एक हिसका दिला. वरून एक आला. मग मी तीन दिले. पप्पूने मोबाईलवर पाहिलेल्या वेळेप्रमाणे मी विनादोर अकरा मिनिटे होतो.

वर आल्यावर मी बनुबाईचे हात पाहिले. तिच्या दोन्ही तळहातांची साले निघाली होती. दवाखान्यात दाखवलेले नाही.

मी कठड्याला टेकून डोळे मिटून बसलो असता वरदसाहेब पंपघराच्या मागे फोनवर बोलत होते. माणूस डोळे मिटून बसला की लोकांना तो बहिरा वाटतो. ते म्हणाले, "काळजी नको सर, म्हाताऱ्याने फॉर्मवर बायकोचं नाव लिहिलंय, सगळं त्याच्यावरच जातंय." हे शब्द मी स्वतः ऐकले आहेत.

चहा घेतल्यावर मी नवीन सिलिंडर लावून पुन्हा एकटा उतरलो व राहिलेली जाळी साफ केली. दोर बनुबाईने हाताला फडके गुंडाळून धरला. वरदसाहेबांनी तेव्हा नियम सांगितला नाही. ४ वाजून ४० मिनिटांनी पंप सुरू झाला.

शंभूराज मला घरी भेटायला आला होता. तो म्हणतो, काका, समुद्रात दोघंच पाहिजेत, एकाची हवा संपली तर दुसरा देतो. त्याचे म्हणणे समुद्रापुरते मला मान्य आहे. तेथे एकमेकांचे तोंड दिसते. मी त्याला म्हणालो, "आमच्या पान्यात दुसरा गडी दिसत न्हाई रं, नुसता लागतो." त्यावर तो हसला. त्याची माझ्याविरुद्ध तक्रार नाही. पाण्यात दुसरा माणूस असता तर ती अकरा मिनिटे टळली असती, असे वरदसाहेबांनी लिहून दिले आहे. माझे म्हणणे, पाण्यात दुसरा माणूस आला म्हणूनच ती अकरा मिनिटे आली. मी यापुढेही एकटाच उतरणार आहे.

हवालदार उदयसिंह यांनी मला समजावून सांगितले की, 'पत्नीचे नाव नजरचुकीने लिहिले गेले' एवढे लिहून दिले तर वरदसाहेब तक्रार मागे घेतील व माझे काम चालू राहील. हवालदार साहेबांचा हेतू चांगला आहे. बनुबाई बाहेर बाकावर होती, तिने दारातून ऐकले व ती म्हणाली, "लिवा की तसं. माज्या नावाला कोण इचारतंय?" मी तिला गप्प बस म्हणालो नाही. एवढेच म्हणालो की, मी इचारतो.

त्या दिवशी मी चष्मा लावून लिहिले होते. पप्पूचे पेन उठत नव्हते म्हणून दुसरे मागून घेतले होते. पुढच्या कामाला असाच फॉर्म आला तर त्या रकान्यात मी हेच नाव लिहीन. ते चालत नसेल तर मी उतरणार नाही, व जाळी कोणी साफ करायची ते त्यांनी पाहावे.

माझा हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. वाचताना 'नजरचुकीने' हा शब्द त्यात आलेला मला ऐकू आला. तो मी सांगितलेला नव्हता. माझ्या सांगण्यावरून तो माझ्यासमोर खोडला व खोडल्या जागी माझी सही घेतली. आता जबाब मी सांगितला तसा बरोबर आहे.

सही
लालासाहेब अर्जुना साळुंखे