गुडघ्यावरची हातोडी

मलेच रागीट म्हणता ना? मंग ऐका. गडचिरोलीच्या दवाखान्यात मी सिस्टर होती, तवा एक बाळंतीण झटके येऊन भरती झाली. तिले मॅग्नेशियमची सुई चालू होती. ते अंगात जास्त झालं तं श्वासच बंद पडते, म्हणून दर सुईच्या आधी गुडघ्यावर रबरी हातोडी मारून पाहायची. पाय उडला तरच सुई द्यायची.

दुपारी मारली, तं पाय हललाच नाई. पुन्हा मारली, तरी नाई! "डॉक्टरसाहेब, धावा!" म्हणून बोंबलली आन् चादर ओढली. तं पायथ्याशी बसलेल्या सासूनं चादरीखालून सुनेचा पाय गच्च दाबून धरलेला!

"काऊन धरला वो बाई?"

"सकाळपासून मारून राह्यली माह्या सुनेले! आजारी माणसाले कोणी मारते काय? लाज नाई वाटत?"

"अवो, जीव वाचवून राह्यली मी तिचा! सोडा पाय!"

तिनं सोडला. मी तणतणत हातोडी हाणली, आन् पाय उडून सिद्धा माह्या ढेरीत बसला.

सासू सुनेच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणते, "बरं केलं माय. एक तं वापस हाणली!"