रील पाहून सासूबाईंनी गाद्या उन्हात टाकल्या

सकाळी बरोबर सात चाळीसला हे सुरू झालं. मी बाळाला पाजता पाजता फोनवर रील बघत होते. कोट घातलेला एक माणूस मराठीत सांगत होता, "यूकेत व्हिसावर आलेल्यांच्या बायका-मुलांना पुढच्या महिन्यात परत जावं लागणार." आम्हीपण यूकेतल्या रीडिंग शहरात नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावरच राहतो. आमचे हे ऑफिसच्या ट्रेनमध्ये बसलेले, फोन लागेना. मग मी रडतच साताऱ्याला सासूबाईंना फोन लावला.

त्या म्हणाल्या, "अगं, मीपण सकाळीच पाहिलं ते. रडू नकोस. माडीवरची खोली झाडून घेतली, गाद्या उन्हात टाकल्यात. पाळणा कुठं बांधायचा, तेवढं सांग."

ऑफिसात पोचल्यावर ह्यांचा फोन आला, मी सगळं सांगितलं, तेव्हा ह्यांनी इथल्या सरकारच्या वेबसाइटवर शोधलं. तसा नियम कुठंच नव्हता.

"हे कुठून कळलं, ते त्या माणसाने सांगितलं का?" ह्यांनी मला विचारलं.

"नाही. पण कोट होता हो अंगात."

मी सासूबाईंना परत फोन केला. "आई, ते खोटं होतं. आम्ही इथंच राहणार."

त्या म्हणाल्या, "बरं झालं गं बाई. सुखानं राहा." आणि हळूच विचारलं, "दिवाळीला तरी याल ना?"

आपण इथं घाबरून मोकळ्या होतो, तिकडे मात्र कुणीतरी वाट बघायला लागतं. म्हणून असं रील आलं की आधी सरकारच्या वेबसाइटवर बघा, मगच घरी फोन करा. आणि हे आपल्या सगळ्या मैत्रिणींना सांगा.