दारावरचा लाल दिवा

— नाही नाही मॅडम, थाप मारून बघाच दारावर. बद्द वाजतं की नाही? आतून गादी लावलीय, भिंतींनासुद्धा! सरकारी पैसा असा दिसला पाहिजे. तुमच्याच खात्यानं दिलाय, मग बघा की डोळे भरून. कोर्टानं या निरीक्षणगृहात पाठवलेल्या पोरींचं मन मोकळं व्हावं म्हणून ही खोली — सोफा, पडदे, कुंडीत प्लास्टिकचं झाड. आणि समुपदेशक? उद्घाटनाला आली, फोटो काढला, गेली ती गेलीच. पद मंजूर आहे म्हणे, माणूस मंजूर नाही! मी इथली अधीक्षक, मी डॉक्टर मागितला — तुम्ही पडदे पाठवलेत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण खोली पक्की हं! आत गळा फाडून ओरडलं तरी बाहेर हूं की चूं नाही. मला कसं माहीत? अहो, माझं कामच आहे ते.

दिवा? तो लाल असला की आत समुपदेशन चालू, दार उघडायचं नाही. हीसुद्धा तुमचीच अक्कल. काय म्हणालात? समुपदेशकच नाही तर आत्ता तो लाल कसा, आत कोण —

हे बघा, मला शिकवू नका. चिमणी म्हणतो आम्ही तिला, एवढीशी आहे. चोरीत सापडली, खटला काही पुढे सरकत नाही, आई भेटायला यायची बंद झाली — तेव्हापासून किंचाळते. ती किंचाळली की अख्खा हॉल किंचाळतो, आणि सांभाळायला आम्ही दोघी. दोघी! काय करायचं, अंगाई म्हणायची? सोफा आहे, पंखा आहे — माझ्या घरी तरी आहे का असा सोफा? तासाभरात गप्प होते. आज जरा जास्तच वेळ झाला, तोही तुमच्यापायी. मॅडम येणार, मॅडम येणार — सकाळपासून फरशा पुसतोय, पोरींच्या वेण्या घालतोय. दिव्याकडे बघायला सवड कुणाला होती?

आहे, किल्ली माझ्याकडेच आहे. उघडते ना. बघालच, सोफ्यावर मजेत झोपली असेल.

चिमणे, ऊठ गं, पाहुण्या आल्यात. चिमणे? — अगं, ओरड की आता. ओरड ना गं!

मॅडम, तुम्ही — तुम्ही बाहेरच थांबा.