हजेरीचा अंगठा

मोनिका : परत लावा बघू. घेतला की हो! सयाजीकाका, सात महिन्यांत पहिल्यांदा मशीननं तुमचं नाव दाखवलं.

सयाजी : म्हणून तर धपाटे आणलेत, मॅडम. गरम होते, पण कंपनीच्या गाडीनं डांगे चौकातच वेळ लावला. आमची घरवाली मंजुळा म्हणली, मोनिकाबाईंना हातात द्या. तुमी रोज रजिस्टर काढून सही घेतली, म्हणून हजेरी लागली. नाहीतर कवाच घरी बसलो असतो.

मोनिका : त्यात काय एवढं. हाताची सालं जाऊन रेघाच राहिल्या नाहीत, तर मशीन तरी काय करेल?

सयाजी : गोळ्याच तशा हायेत. किडनी काढली तरी कॅन्सरच्या गाठी फुफ्फुसात गेल्याच होत्या. ह्या गोळ्या गाठीचं रक्त तोडतात म्हणं. मागच्या स्कॅनला निम्म्या झाल्या. देवाची न् डॉक्टरची कृपा.

मोनिका : पण गेल्या महिन्यात बोटांना पट्ट्या होत्या. इतक्यात बरे कसे झाले हात?

सयाजी : उद्या आडिट हाय न्हवं, मशीनवरचीच हजेरी बघणार म्हणं? साहेब रजिस्टर धरून तुमाला बोलत होते, मी दारातून बघितलं. माझ्यापायी तुमची नोकरी कशाला जावी?

मोनिका : काका, गोळ्या चालू आहेत ना?

सयाजी : पंधरा दिस झाले, थांबवल्यात. आडिट झालं की लगेच...

मोनिका : गोळी म्हणजे ओव्हरटाइम आहे का, जमला तर करायचा? गाठी थांबणार आहेत का आपल्या आडिटसाठी?

सयाजी : चुकलं. पण तुमाला बोलणी बसलेली मला बघवंना.

मोनिका : साहेब ओरडले ते रजिस्टर संपत आलं, नवं का मागवलं नाही म्हणून. तुमची डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्याच कपाटात आहे. त्यांच्या सहीशिवाय हजेरी लागते होय? तुमच्या सहीखाली रोज त्यांची सही असते.

सयाजी : साहेबांना ठाव हाय? मला कधी एका शब्दानं बोलले न्हाईत.

मोनिका : तुम्हाला अवघड वाटेल म्हणून. मलाही सांगू नका म्हणून बजावलं होतं. आता आधी डॉक्टरांना फोन लावा. इथूनच, माझ्यासमोर.

(सयाजी खिडकीशी जाऊन फोनवर बोलतो आणि डोळे पुसत परत येतो.)

सयाजी : लई झापलं. म्हणले, हात सोलले तर मला सांगायचं, गोळीचं प्रमाण कमी करता येतं. आपल्या मनानं बंद करायची न्हाई. दुपारी बोलवलंय.

मोनिका : हाफ डे लिहिते. या, इथं सही करा.

सयाजी : आज तर अंगठा लागला की.

मोनिका : लागू दे. नवं रजिस्टर आलंय, पहिली सही तुमची.

सयाजी : लई जाड हाय, मॅडम.

मोनिका : मुद्दाम जाड मागवलंय. भरायचंय ते तुम्ही.