पाण्यावरचं मायलेज

धाड्‌दिशी! असा आवाज झाला होता हो, या दोन्ही कानांनी ऐकलाय मी, आणि हे पोरगं मला समजावतंय, "अप्पा, काय होत न्हाय, पाणीच हाय की!" पाणीच? मी दहा वर्षांचा असताना आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत फुगेवाल्याचा गॅसचा ड्रम फुटला, त्यात तरी दुसरं काय होतं? पाणी, कॉस्टिक सोडा आणि पत्र्याचे तुकडे! बिचाऱ्याच्या दोन्ही भुवया गेल्या... तेव्हापासून तुम्हाला सांगतो, गॅसचा फुगा दिसला की मी रस्ता बदलतो. आणि तोच गॅस, तोच हायड्रोजन, माझ्या मुलानं, शिवयोगीनं, आमच्या जुन्या व्हॅनच्या इंजिनात सोडला. आणि त्या व्हॅनचं इंजिन कुठं असतं? ड्रायव्हरच्या बुडाखाली! आणि ड्रायव्हर कोण? मी!

तसा मी हळू बोलणारा माणूस, चौथीत शाळा सुटली, चारचौघांत तोंड उघडत नाही. पण आज राहवत नाही. आमची नागव्वा, म्हणजे मंडळी, शेजारणींना घेऊन कडक भाकरी करते आणि मी त्या व्हॅनमधून कुर्डुवाडीपर्यंत दुकानादुकानांत पोचवतो. गाडी चौदाचं मायलेज देते. म्हातारी झाली, माझ्यासारखीच. तर शिवानं काय केलं, स्टीलच्या पट्ट्या कापल्या, प्लॅस्टिकच्या बाटलीत बसवल्या, पाणी आणि कसला तो खार घातला, बॅटरीची वायर जोडली... बुडबुड बुडबुड! त्यातून निघालेला गॅस नळीनं इंजिनात. "पेट्रोल समदं नीट जळतंय अप्पा, मायलेज वाढतंय बगा!"

नको म्हणायचं होतं, म्हणता? कसं म्हणू? पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात मालकाचं ओरडणं ऐकून बारा वर्षं पोरगं घरी येतंय आणि भिंतीकडं तोंड करून पडतंय. त्या दिवशी उभ्यानं दोन भाकरी खाल्ल्या, हातवारे करत बोलत होता... पोरगं खूश होतं हो!

म्हणून मी काय केलं... कुणाला सांगू नका. गल्लीचा कोपरा वळलो की गाडी थांबवायची, सीट उचलायची आणि ती वायर काढून ठेवायची. बुडबुड बंद! जीव सगळ्यांनाच प्यारा असतो की! येताना त्याच कोपऱ्यावर परत लावायची. बुडबुड चालू!

पण मायलेज? संध्याकाळी शिवा वही घेऊन दारात उभा. रोज सकाळी टाकी काठोकाठ, संध्याकाळी पुन्हा काठोकाठ, किती बसलं त्यावर हिशेब. पहिल्या दिवशी चौदाच आलं. पोरानं वही मिटली आणि जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी मी मोहोळजवळच्या पंपावर माझ्या तंबाखूच्या पैशातून गुपचूप थोडं पेट्रोल टाकलं. वाटलं, संध्याकाळी टाकीत तेवढं कमी बसेल, एखादा किलोमीटर वाढेल. पण अंदाज चुकला ना! एकवीस! एकदम एकवीस! शिवानं मला उचललं हो, या वयात, गल्लीत, सगळ्यांसमोर! पोरगं खूश होतं... आता खाली कसं उतरवू? रोज एकवीस आणायचं म्हणजे रोज पेट्रोल टाकणं आलं. एकदा हात सैल पडला तर सव्वीस आलं! "अप्पा, तुमचा पाय लई हलका हाय!" पाय? तंबाखू सुटली माझी! नागव्वा नाक मुरडते, "अंगाला पेट्रोलचा वास येतोय की ओ, पंपावर नोकरी धरलाय काय?"

मग एकवीसची बातमी ऐकून आले अण्णाराव, माझ्याच वयाचे. शाळेच्या दहा व्हॅन आहेत त्यांच्या. "दहाच्या दहा गाड्यांना बसवतो, पण मी सोबत बसणार. माझ्या डोळ्यांदेखत टाकी भरायची, कुर्डुवाडीला जाऊन यायचं, परत भरायची." शिवाच्या खिशात कारखान्याचा राजीनामा, सही करून तयार! पोरगं खूश होतं!

आज सकाळी निघालो. शेजारी अण्णाराव, मागं शिवा, मधे भाकरीच्या थप्प्या, बुडाखाली बुडबुड. वायर काढू कशी? मोहोळचा पंप आला, मी ब्रेकवर पाय ठेवला, "अप्पा, का थांबताय?" "न्हाय... सवय." अख्ख्या रस्त्यात मला तो फुगेवालाच आठवत होता, भुवया चाचपत गाडी चालवली. परत सोलापुरात पंपावर आलो, टाकी भरली. तेरा! चौदासुद्धा नाही हो, तेरा! बॅटरी त्या बाटलीलाच जास्त लागली असेल, मला काय कळतंय.

अण्णाराव हसले, "शिवबा, आठ किलोमीटर कुटं सांडलं रं?" शिवा मात्र सीटखाली वाकलेला. नळी बघतोय, पट्ट्या बघतोय, स्वतःच्या कपाळावर मारून घेतोय. "माझंच काय तर चुकलंय. एकवीस आलंय म्हंजे येतंयच! अप्पाच्या हातानं आलंय, ते खोटं कसं असंल? मी आत्ताच जाऊन राजीनामा देतो, नोकरीच्या पायी येळ मिळंना. दिवसभर याच्याच मागं लागतो, चूक घावतीच बगा!"

आता बोला! गप्प बसलो तर बारा वर्षांची नोकरी जाते, आणि कशापायी, तर माझ्या तंबाखूच्या पेट्रोलपायी... बोललो तर?

बोललो. "शिवा, ते एकवीस मीच आणायचो रे. मोहोळला पेट्रोल टाकायचो. आणि तुझी वायर... ती रोज काढून ठेवायचो. भ्या वाटायचं मला."

अण्णाराव लगेच मोबाईलमध्ये बघायला लागले. शिवा वाकलेला होता तो हळूच सरळ झाला. माझ्याकडं बघितलं. म्हटलं, आता ओरडेल, ओरड बाबा, शिव्या दे, तुझा मालक देतो तशा दे! नाही. फडक्यानं हात पुसले, एकेक बोट करून पुसले, फडकं घडी करून सीटवर ठेवलं आणि निघाला. कारखान्याकडं निघाला की घराकडं, तेही कळेना. इकडं टाकी काठोकाठ, बाटली काठोकाठ, गाडीपाशी आम्ही दोन म्हातारे उभे... आणि पोरगं आपलं उन्हातून चालत.