झाकून ठेवलेला चहा

अहो, झाकायचा नसतो तो! खताचा चहा तो, त्याला झाकतात का कधी? पण आमचा नवरा, क्लिफर्ड... तुम्हाला सांगते, यॉर्कशरच्या माणसाला 'चहा' एवढा शब्द ऐकू आला की पुढचं काही ऐकूच येत नाही! गावाच्या सामाईक मळ्यात आम्ही भाजीसाठी जागा भाड्यानं घेतलीय, तिथल्या बागवाल्यांच्या सभेत कुणीतरी सांगितलं, बादलीत पाणी, पाण्यात कंपोस्ट, झाला खताचा चहा, घाला रोपांना. ह्यानं काय करावं? बादलीवर घट्ट झाकण, वर चहा गरम ठेवायची माझ्या हातची किटलीची लोकरी टोपी, ताणून ताणून बसवलेली! म्हणे, "मुरायला नको का, म्यूरियल? चहा म्हणाले ना, चहा!"

बरं, बादलीचं सोडा, कंपोस्टचा ढीगही बुटांनी नाचून नाचून दाबलेला, वर जुना गालिचा. वारा शिरायला सुईएवढी जागा नाही! मग सुटला वास... सडक्या अंड्यांचा! शेजारच्या वाफ्यातले लोक नाकाला रुमाल बांधून कोबी खुरपायला लागले, आणि मळ्याच्या सेक्रेटरीबाई ठसक्यात, "मिस्टर बूथरॉइड, रविवारपर्यंत वास गेला नाही तर ही जागा दुसऱ्याला देऊ!"

क्लिफर्ड तडक अवजारांच्या शेडमध्ये जाऊन मान खाली घालून बसला. बस चालवायची नोकरी संपली तेव्हा अख्खा हिवाळा हा माणूस खुर्चीत अस्साच बसून होता. भाजी लावायच्या ह्या जमिनीच्या तुकड्यानं उठवला त्याला. तोच गेला तर...? छे! म्हटलं, "ऊठ रे बाबा, घे तो खत उकरायचा काटा!"

उपसला ढीग दोघांनी, वरचं खाली, खालचं वर, वारा शिरावा म्हणून मध्ये पेंढा, मध्ये अंड्यांच्या खोक्यांचे फाडलेले पुठ्ठे. बादलीतली घाण पेंढ्यावरच ओतली. मग चांगलं कंपोस्ट मागून आणलं, माझ्या जुन्या मोज्यात बांधलं, आमच्या मागच्या दारी बादलीत सोडलं, झाकणबिकण काही नाही, आणि माशांच्या टाकीतला हवेचा पंप लावला... बुडबुड, बुडबुड! हा बघत बसला, "असा कुठं चहा असतो? चहा म्हणाले ना, चहा!"

रविवारी सेक्रेटरीबाई आल्या, ढिगाशी वाकल्या, मग आम्ही आणलेली बादली हुंगली. "अगबाई, रानातल्या ओल्या मातीचा वास! काय आहे हे?" क्लिफर्ड छाती फुगवून, "चहा!" जागा राहिली. सगळ्यांदेखत त्यानं माझा चिखलाचा हात धरला, सोडेचना. रडूच आलं मला.

पण आता वाऱ्याचं वेडच लागलंय त्याला! बाहेर हा गारठा, आणि घरात खिडक्या सताड उघड्या. "वारा खेळता हवा, म्यूरियल!" म्हणतो, आणि शीळ घालत हिंडतो. मी लावते होय खिडकी? बसते आपली कोट घालून...