सिस्टरचा कोट

...आणि वर म्हणते कशी, "मास्तर, बाह्या जरा सैल करा!" अहो, गेल्याच आठवड्यात त्याच बाह्या मी घट्ट केल्या होत्या, तिच्याच सांगण्यावरून! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं शिलाई मशीन चालवतोय, पण एकच पांढरा कोट पाच वेळा उसवून घेणारं गिऱ्हाईक हे पहिलंच. आरोग्य केंद्रातली सिस्टर हो! कोट आपला नावाला. माप देता देता हळूच विचारणार, "लेकीची लस कधी?" मी म्हणणार, "बघू." की लगेच, "मग हा जरा घट्टच करा!" मानलं त्या बाईला!

लस कसली? एचपीव्हीची. तो विषाणू पुढे-मागे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करू शकतो, तो होऊ नये म्हणून. मी म्हटलं, "अहो, बारा वर्षांची पोर ती, आत्ताच कशाला? मोठी झाली की बघू." तर म्हणते, "मास्तर, कोटाला अस्तर केव्हा लावता? शिवतानाच, की फाटल्यावर?" घ्या! माझ्याच दुकानात उभी राहून मलाच शिवणकाम शिकवते!

पण खरं सांगू? मला पटत होतं सगळं. माझी थोरली ताई याच आजारानं गेली... तेव्हा कुठली आलीय लस! त्या रोगाचं नाव निघालं की मी विषयच बदलतो. केंद्राच्या दारातून दोनदा परत आलो, घरी कुणाला बोललो नाही. पाचव्या खेपेला सिस्टरला सांगून टाकलं. हसली नाही हो ती. कोट बाजूला ठेवला, स्टुलावर बसली. "ताईंसाठी काही करता आलं नाही, मास्तर. लेकीसाठी येतं. चला, मी आहे ना बरोबर." मानलं त्या बाईला!

गेलो. पोरीनं बाही वर केली, सुई आत गेली, बाहेर आली, आणि पोर म्हणते, "बाबा, झालंसुद्धा!" आणि मी? गळ्यात टेप तशीच, आणि ढसाढसा रडतोय! सगळा दवाखाना बघतोय!

म्हटलं, सुटलो एकदाचा. कसलं काय! दुसऱ्या दिवशी बाई दारात हजर. "आता काय उसवू?" "काही नको. शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याला दोन मुली आहेत, तोही 'बघू' म्हणतोय. तुमचं ऐकेल तो." आता हिला नाही कोण म्हणणार?

हा माझ्या अंगातला शर्ट बघताय ना? सकाळपासून चौथ्यांदा इस्त्री करून आणलाय!